अमेरिकेतले तुरुंग, गरिबी आणि वर्ण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पोलिसांची किंवा तुरुंगांची बातमी आली की आपल्याकडेही वाद रंगतो. एक बाजू म्हणते, 'ते लोक गुन्हेच जास्त करतात.' दुसरी म्हणते, 'हा सगळा वर्णद्वेष आहे.' दोघांच्याही हाताला सत्याचा एकेक तुकडा लागलेला असतो. माझ्या मते गरिबी माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेते. पण ती गरिबी कुणाच्या वाट्याला यायची, आणि दारात पोचलेल्यांपैकी कुणाला आत ढकलायचं नि कुणाला परत पाठवायचं, हे ठरवण्यात वर्णाचा हात असतो. खालची सगळी उत्तरं याच धाग्यावर आहेत.

अमेरिकेत मुळात किती माणसं तुरुंगात आहेत?

साधारण १९ लाख. २००८ च्या आसपास हा आकडा २३ लाखांच्या वर गेला होता, नंतर तो हळूहळू उतरला. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा चार-साडेचार टक्के, पण जगातल्या कैद्यांपैकी सुमारे सहावा हिस्सा तिथे. दर लाख लोकांमागे पाचशेहून जास्त माणसं गजाआड आहेत. भारतात हे प्रमाण चाळीसच्या आसपास आहे, नॉर्वेत पन्नास-साठ.

एक फरक आधीच सांगून ठेवतो, तो पुढे लागणार आहे. अमेरिकेत 'जेल' म्हणजे काउंटीचा, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, स्थानिक तुरुंग. तिथे बहुतेक जण खटल्याची वाट पाहणारे, म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी असतात. 'प्रिझन' म्हणजे शिक्षा झालेल्यांसाठीचा राज्याचा किंवा केंद्राचा तुरुंग.

त्यात कृष्णवर्णीय किती?

लोकसंख्येत ते १३-१४ टक्के आहेत, प्रिझनमधल्या कैद्यांत जवळजवळ एक तृतीयांश. २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार दर लाख कृष्णवर्णीय प्रौढांमागे सुमारे १,२०० जण शिक्षा भोगत होते, गोऱ्यांमध्ये सुमारे २३०. म्हणजे पाचपट. हिस्पॅनिक म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांचं प्रमाण ६०० च्या आसपास होतं. चर्चेत हमखास विसरले जातात ते मूळनिवासी अमेरिकी. त्यांचा दर हजाराच्या वर आहे, पण संख्येनं ते थोडे असल्यामुळे बातम्यांत दिसत नाहीत.

'दर तीन कृष्णवर्णीय पुरुषांतला एक तुरुंगात जातो' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. २००१ साली जन्मलेल्या मुलांबद्दलचा तो सरकारी अंदाज होता, आणि त्या वेळच्या दरांवर तो बरोबर होता. पुढे दर घसरले आणि त्याच पिढीसाठीचा नवा अंदाज पाचातला एक असा निघाला. जुनं वाक्य अजून सगळीकडे फिरतंय. पाचातला एक हेही भयंकरच आहे, त्यासाठी शिळा आकडा वापरायची गरज नाही.

पण ते गुन्हेच जास्त करत असतील तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच वर्णद्वेषी ठरवून गप्प करू नये. त्याला नीट उत्तर आहे.

खुनासारख्या गंभीर हिंसक गुन्ह्यांत फरक खरा आहे. अमेरिकेत खून होणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं कृष्णवर्णीय असतात आणि मारणारेही बहुतेक वेळा त्याच वस्तीतले असतात. आल्फ्रेड ब्लमस्टीन या गुन्हेशास्त्रज्ञानं १९८२ साली हिशेब मांडला, तेव्हा तुरुंगातल्या तफावतीचा सुमारे ८० टक्के भाग अटकेच्या प्रमाणातल्या फरकानं समजावता येत होता. अर्थात अटक म्हणजे गुन्हा नव्हे. खुनाच्या बाबतीत अटकेचा आकडा वास्तवाच्या बराच जवळ असतो. अमली पदार्थांच्या बाबतीत तो पोलीस कुठे उभे आहेत यावर ठरतो. ब्लमस्टीनच्याच हिशेबात ड्रग्जच्या गुन्ह्यांतली निम्मी तफावत अटकेच्या आकड्यांनीही उलगडत नव्हती.

गांजाचं उदाहरण घ्या. गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात. तरी गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांसाठी देशभरात साडेतीन पटींहून जास्त असल्याचं नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेनं २०१३ आणि २०२० अशा दोन अहवालांत दाखवलं. विद्यापीठाच्या वसतिगृहात ओढलेला गांजा पोलिसांना दिसत नाही, रस्त्याच्या कोपऱ्यावर ओढलेला दिसतो.

न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी रस्त्यावर माणसं थांबवून चौकशी केल्याचे, अनेकदा झडतीही घेतल्याचे, ६,८५,७२४ प्रसंग नोंदवले. थांबवलेल्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आणि सुमारे एक तृतीयांश लॅटिनो होते. दहापैकी जवळजवळ नऊ जणांवर ना अटकेची वेळ आली, ना साध्या समन्सची. २०१३ मध्ये शिरा शाइंडलिन या केंद्रीय न्यायाधीशांनी ही पद्धत ज्या रीतीनं राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. झडत्या झपाट्यानं कमी झाल्या. गुन्हे वाढतील अशी भीती घातली गेली होती, ते वाढले नाहीत.

आता हिंसेकडे परत येऊ, कारण खरी गाठ तिथेच आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की हिंसेची कारणं गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांत सारखीच असतात : बेकारी, मोडकळीला आलेली घरं, एकमेकांना न ओळखणारे शेजारी, हाताला काम नसलेली तरुण मुलं. फरक एवढाच की ही सगळी संकटं एकाच मोहल्ल्यात एकदम साचलेली आहेत, अशा वस्त्यांत गरीब गोरे फारसे राहतच नाहीत. गरीब गोऱ्याच्या शेजारी बहुधा एखादा नोकरदार असतो. शिकागोच्या दक्षिण भागातल्या गरीब कृष्णवर्णीयाच्या आजूबाजूला चहूकडे गरिबीच असते. तेव्हा 'गरीब गोरे का नाही गुन्हे करत' असं विचारताना आपण दोन वेगळ्या प्रकारच्या गरिबीची तुलना करत असतो.

मग हा वर्णाचा प्रश्न आहे की गरिबीचा?

दोन्ही. आणि हे उत्तर टाळाटाळीचं नाही, आकड्यांतच ते दिसतं.

बेकी पेटिट आणि ब्रूस वेस्टर्न यांनी १९७५ ते ७९ दरम्यान जन्मलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. शाळा अर्धवट सोडलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ६८ टक्के जण पस्तिशी गाठण्याआधी कधी ना कधी तुरुंगात शिक्षा भोगून आले होते. कॉलेजचं तोंड पाहिलेल्या कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे एकाच वर्णात, केवळ शिक्षणामुळे, दसपट फरक. शाळा सोडलेल्या गोऱ्यांत ते २८ टक्के होतं, म्हणजे कॉलेजात गेलेल्या कृष्णवर्णीयाच्या चौपट. इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, झालं, हा वर्गाचाच प्रश्न आहे.

पण त्याच तक्त्यात ६८ आणि २८ शेजारी शेजारी उभे आहेत. शिक्षण सारखं, दर अडीच पट. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कोट्यवधी अमेरिकनांच्या कर आणि जनगणनेच्या नोंदी जोडून पाहिल्या. अगदी तळच्या उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी २१ टक्के जण १ एप्रिल २०१० या एका दिवशी तुरुंगात होते. तशाच घरांतल्या गोऱ्यांत ते सहा-साडेसहा टक्के होतं. आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांची तुरुंगात असण्याची शक्यता, वर्षाला ३६,००० डॉलर कमावणाऱ्या गोऱ्या घरातल्या मुलाइतकी निघाली. बापाच्या लाखो डॉलर्सनीही ती तफावत भरून निघाली नाही.

म्हणून 'गरिबी हटवा, वर्णाचा प्रश्न आपोआप सुटेल' हे मला पटत नाही. 'फक्त वर्णद्वेष संपवा' हेही पटत नाही, कारण उद्या सगळे पोलीस आणि न्यायाधीश समदृष्टीचे झाले तरी तुरुंग गरिबांनीच भरलेले राहतील. आत जाण्याआधीच्या वर्षात कैद्यांचं मध्यम उत्पन्न (म्हणजे निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त), २०१४ च्या डॉलरमध्ये, सुमारे १९,००० होतं. त्याच वयाच्या बाहेरच्या लोकांपेक्षा हे ४० टक्क्यांनी कमी आहे. गोरा कैदीही गरीबच असतो.

ही गरिबी ठरावीक लोकांच्याच वाट्याला का आली?

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली, पण एक अपवाद ठेवून. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असं त्या दुरुस्तीतच लिहिलं आहे. दक्षिणेतल्या राज्यांनी ही फट लगेच हेरली. मिसिसिपीसारख्या राज्यांनी कायदे केले : कामधंदा नसलेला कृष्णवर्णीय म्हणजे भटका, आणि भटकेपणा हा गुन्हा. दंड भरता आला नाही की त्याला मजुरीला जुंपायचं. पुढे कैदी सरळ खाणमालकांना, रेल्वेच्या ठेकेदारांना आणि मळेवाल्यांना भाड्यानं देण्यात येऊ लागले. १८९८ मध्ये अलाबामा राज्याचा सुमारे ७३ टक्के महसूल या कैदी-भाड्यातून येत होता. तिथे ही पद्धत १९२८ मध्ये बंद झाली, सगळ्यात शेवटी.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. ती कृतज्ञता खरी होती आणि योग्य माणसांसाठी होती. पण तोवर मिसिसिपीत आणि जॉर्जियात मुक्त झालेली माणसं कैदी म्हणून भाड्यानं जायला पाच वर्षं उलटली होती.

लुइझियानात अंगोला नावाचा तुरुंग आहे. १८,००० एकरांची ती जमीन पूर्वी गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होती. आजही तिथले कैदी शेतात राबतात, तासाला काही सेंटवर, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत.

विसाव्या शतकातली गोष्ट यापेक्षा शांत आहे, पण तिचा परिणाम जास्त टिकला. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा भाग. गोऱ्या कुटुंबांनी स्वस्त कर्जावर उपनगरांत घरं घेतली, त्यांच्या किमती वाढल्या, मुलांना वारसा मिळाला. कृष्णवर्णीय भाड्याच्या घरात राहिले. मग १९७० नंतर डेट्रॉइट, शिकागो, बाल्टिमोर इथले कारखाने बंद पडत गेले. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळमधल्या पोरांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. पगारातली दरी यापेक्षा बरीच लहान आहे. पण जामीन, वकील, दंड हे सगळं पगारातून भागत नाही, साठवलेल्या पैशातून भागतं.

१९७० नंतर कैदी एवढे कसे वाढले?

१९७२ मध्ये प्रिझनमध्ये दोन लाखांच्या आत माणसं होती. त्याच्या आगेमागे गुन्हे खरोखर वाढले होते, लोक घाबरले होते, आणि राजकारण्यांना त्या भीतीत मतं दिसली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये अमली पदार्थांना सार्वजनिक शत्रू क्रमांक एक म्हटलं. न्यूयॉर्कनं १९७३ मध्ये कायदा केला : दोन औंस हेरॉइन विकलं तर किमान पंधरा वर्षं ते जन्मठेप.

१९८६ चा केंद्रीय कायदा तर या सगळ्या विषयाचं सार आहे. पाच ग्रॅम क्रॅक कोकेन सापडलं की किमान पाच वर्षं. तेवढीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागे. पदार्थ मुळात एकच. क्रॅक स्वस्त, गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकलं जाणारं, पावडर महाग, पैसेवाल्यांच्या पार्ट्यांतलं. एका कायद्यात वर्ग आणि वर्ण दोन्ही गुंफलेले आहेत, आणि कायद्यात त्यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. १०० ला १ हे प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ वर आलं. एकास एक अजून झालेलं नाही.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. आज राज्यांच्या तुरुंगांत ड्रग्जच्या गुन्ह्यासाठी असलेले कैदी सातातला एक एवढेच आहेत, निम्म्याहून जास्त हिंसक गुन्ह्यांतले आहेत. सगळे ड्रग्जवाले उद्या सोडले तरी अमेरिका तुरुंगांचाच देश राहील. संख्या फुगली ती लांबलेल्या शिक्षांमुळे, किमान शिक्षा न्यायाधीशाच्या हातातून काढून घेतल्यामुळे, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेसारख्या कायद्यांमुळे (कॅलिफोर्निया, १९९४) आणि सरकारी वकील जास्त खटले भरू लागल्यामुळे.

कृष्णवर्णीय नेत्यांनीही या कायद्यांना पाठिंबा दिला होता, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. १९९४ च्या केंद्रीय गुन्हेगारी कायद्याच्या बाजूनं कृष्णवर्णीय खासदारांपैकी बहुसंख्यांनी मत दिलं. त्यांच्या मतदारसंघांत रोज पोरं मरत होती आणि लोक संरक्षण मागत होते. त्याच लोकांनी शाळा, नोकऱ्या आणि घरंही मागितली होती. मिळाले पोलीस आणि तुरुंग.

जामिनाचा यात काय संबंध?

माझ्या मते पैसा आणि कैद यांचा सगळ्यात उघडा संबंध इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अटक झाली की अनेक राज्यांत न्यायाधीश रक्कम ठरवतात. ती भरली की माणूस घरी. गंभीर गुन्ह्यांत ही रक्कम साधारण १०,००० डॉलर असते. ती न भरता आल्यामुळे अडकलेल्यांच्या बाबतीत ही जवळजवळ आठ महिन्यांची कमाई ठरते. रक्कम नसेल तर जामीन-दलाल असतो. तो दहा टक्के घेतो आणि उरलेल्याची हमी देतो. ते दहा टक्के परत मिळत नाहीत, माणूस निर्दोष सुटला तरी. असा नफ्याचा धंदा अमेरिकेबाहेर फक्त फिलिपाइन्समध्ये चालतो.

ज्याच्याकडे एक हजार डॉलरही नाहीत तो आत राहतो. आठवड्याभरात नोकरी जाते, मग घरभाडं थकतं. अशा वेळी सरकारी वकील सांगतो, गुन्हा कबूल कर, आजच सुटशील. निर्दोष माणूसही सही करतो. अमेरिकेत दोषी ठरलेल्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांचा खटला चाललेलाच नसतो, कबुलीच्या सौद्यावर प्रकरण मिटतं. आणि एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी जामीन वाढतो, शिक्षाही वाढते. कागदावर तो 'सराईत' होतो.

कलीफ ब्राउडर या मुलानं सही केली नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, बॅग चोरल्याच्या आरोपावरून सोळाव्या वर्षी त्याला पकडलं. जामीन ठरला ३,००० डॉलर. घरच्यांना ते जमले नाहीत. तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं राहिला, त्यांतली सुमारे दोन एकांत कोठडीत. सौद्याचे प्रस्ताव त्यानं पुन्हा पुन्हा नाकारले, कारण त्याचं म्हणणं होतं की मी चोरी केली नाही. खटला कधीच उभा राहिला नाही, २०१३ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. २०१५ मध्ये त्यानं आत्महत्या केली.

इलिनॉय राज्यानं १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन पूर्ण बंद केला. असं करणारं ते पहिलं राज्य. तिथे आता न्यायाधीशाला एवढंच ठरवावं लागतं : हा माणूस धोकादायक आहे का, पळून जाईल का. खिशात किती आहेत हा प्रश्नच उरत नाही.

दंड भरला नाही म्हणून तुरुंग होऊ शकतो?

कायद्यानं होऊ नये. केवळ ऐपत नाही म्हणून कैद करता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये बजावलं आहे. प्रत्यक्षात वाट वेगळी काढतात : दंड थकला की कोर्टात बोलावतात, माणूस भीतीपोटी गेला नाही की गैरहजेरीबद्दल वॉरंट. मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावाबद्दल केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. सुमारे २१,००० वस्तीच्या गावाच्या न्यायालयाकडे १६,००० हून जास्त माणसांवरची वॉरंटं पडून होती, त्यांत बाहेरगावचेही आले. नगरपालिकेच्या बजेटचा मोठा हिस्सा दंडाच्या वसुलीतून येत होता. गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के.

न्यायाधीश जाणूनबुजून भेदभाव करतात का?

काही करत असतील, पण एवढा मोठा फरक पडायला तेवढ्यांची गरज नाही. केंद्रीय शिक्षा आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार, गुन्हा आणि पूर्वेतिहास लक्षात घेऊनही कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्यांपेक्षा १३ टक्क्यांहून थोडी जास्त शिक्षा होते. प्रत्येक पायरीवर असा थोडा थोडा फरक साचत जातो : कोण थांबवला गेला, कुणावर कोणतं कलम लावलं, कुणाला जामीन परवडला, कुणाचा वकील तयारीनं आला.

न्यायालयात हे सिद्ध करणं मात्र जवळजवळ अशक्य आहे. १९८७ च्या मॅकक्लेस्की खटल्यात जॉर्जियातले आकडे पुढे आले : मेलेली व्यक्ती गोरी असेल तर फाशी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की एकूण आकडे पुरेसे नाहीत, याच आरोपीशी हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचं दाखवा. तो दरवाजा तेव्हापासून बंदच आहे.

खासगी तुरुंग कंपन्यांनी हे सगळं घडवलं ना?

नाही. राज्यांच्या आणि केंद्राच्या कैद्यांपैकी आठ टक्क्यांच्या आसपासच खासगी तुरुंगांत आहेत. उरलेले सरकारी तुरुंगांत आहेत. सरकारांनी ते बांधले ते मतदारांच्या संमतीनं. कंपन्यांना दोष देणं सोपं जातं, कारण मग मतदार सुटतात.

सुटल्यावर काय होतं?

समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकीत एक प्रयोग केला, २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सारखंच शिक्षण आणि अनुभव दाखवणारे तरुण नोकरीसाठी पाठवले. तुरुंगवासाची नोंद नसलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. कृष्णवर्णीयांमध्ये, नोंद नसलेल्यांना १४ आणि नोंद असलेल्यांना ५. मधले दोन आकडे पुन्हा पाहा. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याला, कधीच न गेलेल्या कृष्णवर्णीयापेक्षा जास्त बोलावणी आली.

मग नोकरी नाही, अनेक राज्यांत मतदानाचा हक्क नाही (२०२४ मध्ये अशी सुमारे ४० लाख माणसं होती), सरकारी घर मिळणं अवघड. गरिबीमुळे कैद झाली आणि कैदेमुळे पुढच्या पिढीची गरिबी तयार झाली.

भारतीयही गोरे नाहीत, मग ते का नाहीत तुरुंगात?

एडिसन किंवा सॅन होजेला नातेवाईक असलेल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो, आणि 'मेहनत केली की होतं' असं उत्तरही लगेच येतं. मेहनत खरी आहे. पण १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेनं भारतातून बहुतांशी निवडून माणसं घेतली : डॉक्टर, इंजिनिअर, पुढे एच-वन-बी वाले. तिथल्या भारतीय प्रौढांपैकी तीन चतुर्थांश पदवीधर आहेत आणि कुटुंबाचं मध्यम उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आसपास आहे, देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. भारतातल्या सगळ्या समाजाचा हा नमुना नाही, चाळणीतून गेलेला थर आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय गोरे नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाहीत असा निकाल दिला होता. १९६५ च्या कायद्यानं भारतीयांना मोठ्या संख्येनं येण्याची वाट मोकळी केली, तीही कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनं तयार केलेल्या वातावरणात. त्यांच्याकडे बोट दाखवताना एवढं तरी आठवावं.

विषमता असली की सगळीकडे असंच होतं का?

सरसकट नियम नाही, पण चेहरे बदलून चित्र तेच दिसतं. ऑस्ट्रेलियात आदिवासी लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आत आणि कैद्यांच्या एक तृतीयांश. कॅनडात मूळनिवासी पाच टक्के आणि केंद्रीय तुरुंगांतल्या कैद्यांत मात्र एक तृतीयांशाच्या घरात.

आणि आपल्याकडे?

आपला कैदेचा दर कमी आहे, पण आत कोण आहे ते पाहा. २०२२ अखेर देशात ५.७३ लाख कैदी होते, त्यांतले ४.३४ लाख कच्चे. चारातल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नाही. दोन तृतीयांश कैदी दहावीपर्यंतही पोचलेले नाहीत. अनुसूचित जातींचा आणि मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे.

जामिनाचं दुखणं इथेही तेच. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याला दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची हमी नाकारली, कारण भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश मोडून काढला. आज महाराष्ट्रातल्या तुरुंगांत असे कित्येक जण आहेत ज्यांना जामीन मंजूर झालाय, पण सातबारा किंवा पगाराची पावती दाखवणारा हमीदार मिळत नाही.

वर्णाच्या जागी इथे जात आहे, आणि तिचाही कायदेशीर इतिहास आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी संपूर्ण जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी अशांना सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये हजेरी द्यावी लागे. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून पारध्यांच्या पालावर जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगात जातीनुसार कामं वाटून देणारे नियम रद्द केले. तोवर अनेक राज्यांच्या नियमावलीत कुणी झाडायचं आणि कुणी स्वयंपाक करायचा हे जातीवर ठरत होतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं आहे, जन्मठेप आणि फाशीचे गुन्हे वगळून. पण एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. ज्या वस्तीतल्या पोरांची नावं प्रत्येक चोरीत संशयावरून घातली जातात, ती पोरं नेमकी याच अटीत अडकतात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, आणि तुरुंगातून साध्या अर्जानंही तो मागता येतो.

अमेरिकेत आता फरक कमी होतोय का?

वर्णाची दरी कमी होतेय. २००० च्या सुमारास कृष्णवर्णीय-गोरे हे प्रमाण आठपटीच्या आसपास होतं, २०२० पर्यंत पाचपटीवर आलं. त्याच काळात कॉलेज न शिकलेल्या गोऱ्यांचं तुरुंगात जाण्याचं प्रमाण वाढलं, विशेषतः कारखाने आणि खाणी बंद पडलेल्या भागांत, जिथे वेदनाशामक गोळ्यांचं आणि हेरॉइनचं व्यसन पसरलं. म्हणजे दरी कमी झाली त्यातला काही भाग कृष्णवर्णीयांच्या सुटकेमुळे आणि काही भाग गरीब गोऱ्यांच्या पडझडीमुळे. दुसऱ्या भागाला सुधारणा म्हणायला मन धजत नाही.

कायद्याच्या आघाडीवर पुढे-मागे चालू आहे. २०२२ मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगन आणि व्हरमाँट या चार राज्यांच्या मतदारांनी, कैद्यांकडून सक्तीची मजुरी घ्यायला मुभा देणारी वाक्यं आपापल्या राज्यघटनेतून काढून टाकली. ज्या अलाबामानं कैदी-भाडं सगळ्यात शेवटी सोडलं, तेही यात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांसमोर हाच प्रश्न आला. त्यांनी तो नाकारला, आणि त्याच मतपत्रिकेवर किरकोळ चोरी नि ड्रग्जच्या शिक्षा वाढवणारा प्रस्ताव मोठ्या बहुमतानं मंजूर केला.